शिधा पोचवणाऱ्यांची फौज : कमिसरियटपासून एएससीपर्यंत

आपल्या भागात माजी सैनिकांची स्मरणिका निघाली की तिची पाने पायदळाने भरतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी, त्यांची पदके, लढायांची नावे, शहिदांच्या याद्या. त्यात गैर काहीच नाही. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीचा जो जुना रत्नागिरी जिल्हा, त्यातून बेळगावच्या पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली. नांदगावच्या पंचक्रोशीतही आजोबा, मुलगा आणि नातू अशी तिन्ही पिढ्यांची पेन्शन खाणारी घरे आहेत. पण सैन्यात गेलेला प्रत्येक जण काही बंदूक घेऊन डोंगर चढला नाही. कुणी ट्रक चालवला, कुणी खेचरे हाकली, कुणी सप्लाय डेपोत आट्याची पोती मोजली. ही मंडळी मेळाव्यात मागच्या रांगेत बसतात आणि ‘आम्ही काय, एएससीवाले’ म्हणून विषय संपवतात. त्यांच्या कोरचा इतिहास या स्मरणिकेत यावा, कारण पायदळाच्या ज्या लढाया आपण अभिमानाने किंवा हळहळून सांगतो, त्यांतल्या बऱ्याचशांचा निकाल आधी कोठीत लागला होता आणि मग मैदानात.

आर्मी सर्व्हिस कोर आपला स्थापनादिन ८ डिसेंबर मानते आणि वर्ष धरते १७६०. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या फौजेसाठी पुरवठ्याचे वेगळे खाते उभारले, ते कमिसरियट हे या कोरचे मूळ.

तो डिसेंबर मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवा. त्या वेळी सदाशिवरावभाऊ पानिपतावर छावणी देऊन बसले होते. अब्दालीने यमुना उतरून दिल्लीकडची वाट अडवली होती आणि छावणीत लढणाऱ्यांखेरीज बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले अशी प्रचंड गर्दी होती. या सगळ्यांच्या पोटाची मदार एका वृद्ध माणसावर होती. गोविंद बल्लाळ खेर, म्हणजे गोविंदपंत बुंदेले. मूळचे रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडात सागरला त्यांनी पेशव्यांचा अंमल बसवला होता, आणि भाऊंच्या पत्रांमागून पत्रे त्यांना जात होती : पैसा पाठवा, धान्य पाठवा, अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, शिरून अब्दालीची रसद मारा. गोविंदपंत अंतर्वेदीत शिरले, काही काळ अफगाण छावणीत महागाईही झाली. पण डिसेंबरच्या मध्यास अताईखानाच्या स्वारांनी त्यांना जलालाबादेजवळ गाठून मारले. त्यानंतर पानिपतच्या छावणीत जे झाले त्याचा शेवट १४ जानेवारी १७६१ ला आहे. उपाशी फौज बाहेर पडून लढली, हे आपण शौर्य म्हणून सांगतो. ती उपाशी का होती, हे सांगताना मात्र आवाज खाली जातो.

गोविंदपंतांना दोष देणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो दोष पटत नाही. वसुली करणारा, धान्य गोळा करणारा, ते पोचवणारा आणि वर शत्रूच्या पिछाडीवर छापे घालणारा माणूस एकच असेल, तर तो मेला की चारही कामे त्याच दिवशी मरतात. मराठ्यांकडे पुरवठ्यासाठी माणूस होता, खाते नव्हते. कंपनीने त्याच महिन्यात खाते काढले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना त्या शेजारी ठेवाव्यात अशा आहेत.

आपल्याकडे ही जाण नव्हती असेही नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्णे येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या छावणीसाठी दाणा आणि वैरण साठवली आहे, ती आताच मनमुराद उधळाल तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुळांच्या घरात शिराल आणि लोकांना मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, इथपर्यंत बारकावा त्यात आहे. एएससीच्या कुठल्याही डेपोत आज अग्निसुरक्षेचे फलक लागतात. कोकणातल्या वैरणीच्या गंजीसाठी तोच हुकूम साडेतीनशे वर्षांपूर्वी निघाला होता. दुर्दैव इतकेच की ती शिस्त राजाच्या नजरेवर चालली, आणि ती नजर गेल्यावर शिस्तही ढिली पडली.

एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच भागावरून झपाट्याने जायला हरकत नाही. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची सैन्ये वेगळी, त्यांची कमिसरियटे वेगळी. खाते होते, पण वाहने नव्हती. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेला धान्य मिळाले ते मुख्यत्वे बंजाऱ्यांच्या बैलांवरून. बंजारे कुणाचे नोकर नव्हते. ते धान्य विकायला येत, आणि रस्ता सुरक्षित नसेल तर येत नसत. म्हणून त्या काळच्या इंग्रज सेनापतींची निम्मी अक्कल बंजाऱ्यांचे मन राखण्यात जाई. १८६७-६८ मध्ये मुंबई इलाख्याचा सरसेनापती नेपियर अॅबिसिनियावर चालून गेला, त्या मोहिमेची बांधाबांध मुंबई बंदरात झाली. तोफा वाहायला ४४ हत्तीही जहाजातून गेले. हत्ती धडपणे पोचले आणि कामी आले. खेचरांची मात्र वाताहत झाली. वेगवेगळ्या देशांतून हजारोंनी खरेदी केलेली खेचरे किनाऱ्यावर उतरली तेव्हा त्यांना हाकणारे पुरेसे नव्हते, दावी नव्हती आणि पाणी नव्हते. पुढे प्रत्येक युद्धात हेच पुन्हा पुन्हा दिसते. माल विकत घेणे सोपे असते, अडते ते तो शेवटच्या दहा कोसांत पोचवताना.

नावे बदलत गेली. १९०१ मध्ये सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोर, १९२३ मध्ये इंडियन आर्मी सर्व्हिस कोर, १९३५ मध्ये त्याला ‘रॉयल’ जोडले गेले आणि १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर ते ‘रॉयल’ गळून आजचे आर्मी सर्व्हिस कोर झाले. ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे त्याचे ब्रीद. पण कोर घडले ते या नामांतरांनी नव्हे. ते घडले तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणांशी मराठी माणसाचे नाते आहे : कूत, इंफाळ आणि नामका चू.

कूत-अल-अमारा हे मेसोपोटेमियात, आताच्या इराकात, टायग्रिस नदीच्या वळणावरचे गाव. डिसेंबर १९१५ मध्ये बगदादकडून माघार घेत जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन तिथे येऊन थांबली. या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्या तीन ब्रिगेडांत तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. त्यांच्या हजेरीपटावर सातारा, पुणे आणि जुना रत्नागिरी इथली गावे होती. मागून तुर्क आले आणि ७ डिसेंबरपासून वेढा पडला.

टाउनशेंडने सुरुवातीला वरिष्ठांना कळवले की जेमतेम महिना-दोन महिने पुरेल इतकेच अन्न आहे. त्या आकड्याच्या भीतीने खालून बसऱ्याकडून मदतीची फौज धावली. तयारी अपुरी, तोफा कमी, चिखल गुडघाभर, तरी एकामागून एक हल्ले झाले. वेढा फोडण्याच्या त्या चार महिन्यांच्या खटाटोपात सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. आणि जानेवारीच्या अखेरीस कूतमधल्या घरांची झडती घेतली, तर शेकडो टन बार्ली आणि तूप निघाले! म्हणजे अन्न होते. ते मोजले गेले नव्हते. पोती मोजणाऱ्याच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. झडती पहिल्याच आठवड्यात झाली असती, तर मदतीच्या फौजेला घाई करावी लागली नसती.

सापडलेल्या साठ्याने वेढा लांबला, सुटला नाही. मग घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी बराच काळ हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवण्यात आली, तरीही अनेकांचा धीर होईना. गावी परतल्यावर जातीत घेतील का, ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. कोकणातल्या शिपायाला बोकड चाले, मासळी तर हवीच, पण घोडा? याचा परिणाम वैद्यकीय नोंदींत स्पष्ट उतरला. ताजी भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला, हिरड्या सुजून रक्त येऊ लागले. गोऱ्या शिपायांना सुरुवातीला पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी झाला, तो बार्लीची भाकर सुरू झाल्यावर कमी झाला. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत, दोन ताटांनी दोन वेगळे रोग दिले. शिपायाच्या धर्माचे आणि सवयीचे अन्न पुरवणे ही मेहेरबानी नसून लढाईची गरज आहे, हे खात्याला इथे कळले.

एप्रिल १९१६ मध्ये शेवटचा उपाय म्हणून विमानांतून पोती टाकायचे ठरले. वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न. दिवसाला सुमारे पाच हजार पौंड टाकायचे योजले होते. पंधरवड्यात मिळून सगळा माल साडेआठ टनांच्या आसपास भरला, त्यातलाही काही नदीत आणि काही तुर्कांच्या खंदकात पडला. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन माल घेऊन टायग्रिसमधून वर निघाली. तुर्कांनी नदीत तारदोर ताणून ठेवले होते, त्यांत ती अडकली. २९ एप्रिलला, वेढ्याच्या १४७ व्या दिवशी, कूत पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत त्यांतली हजारो दगावली.

चौकशीसाठी मेसोपोटेमिया कमिशन नेमले गेले. त्याच्या १९१७ च्या अहवालावरून भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालात काय होते? बसऱ्याला धड धक्का नव्हता, जहाजे माल उतरवायला आठवडेच्या आठवडे थांबत. नदीत चालतील अशा उथळ बोटी पुरेशा नव्हत्या. दवाखान्याच्या बोटी जवळजवळ नव्हत्याच. फौज मात्र पुढे पुढे ढकलली गेली. १९१६ मध्ये मेजर जनरल मॅकमन यांच्याकडे पिछाडीच्या वाहतुकीचा कारभार आला. बंदर, बोटी, रेल्वे यांची रांग लागली आणि मगच फौज हलली. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडले. शिपायाच्या धैर्यात मधल्या काळात फरक पडला नव्हता. ११७ व्या पलटणीला या आघाडीवरच्या कामगिरीबद्दल पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला, आपल्याकडे तेवढेच लक्षात राहिले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा कोरमध्ये मोटारी आल्या होत्या, पण ब्रिटनच्या मोटारलेल्या फौजेलाच खेचरे कमी पडली आणि डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून खेचरांच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या. डंकर्कच्या किनाऱ्यावर पगडीवाले हिंदी खेचरवान होते, हे चित्रपटांत सहसा दिसत नाही.

खरी परीक्षा ब्रह्मदेशात झाली, आणि इथे ज्या अधिकाऱ्याची कारकीर्द सांगायलाच हवी तो म्हणजे मेजर जनरल आल्फ स्नेलिंग. मूळचा याच कोरचा. जनरल स्लिमच्या दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये तो होता. १९४१ मध्ये सिरियातल्या देर-एझ-झोरवर चाल करताना पेट्रोल संपत आले, तेव्हा इकडून तिकडून ते खरवडून जमवायचे काम त्याच्याकडे होते. स्लिमला चौदाव्या आर्मीची सूत्रे मिळाली तेव्हा त्याने पुरवठा आणि प्रशासन सांभाळायला याच माणसाला नेमले. स्लिम स्वतः पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढून जखमी झालेला. कूतमध्ये काय झाले हे त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

स्नेलिंगपुढचा नकाशा भीषण होता. माल कलकत्त्याहून रुंदमापी रेल्वेने निघे, मग मीटरगेजवर उतरवून भरावा लागे, ब्रह्मपुत्रेवर फेरीबोटीत चढे, पुन्हा रेल्वेने दिमापूर, आणि तिथून डोंगरातल्या रस्त्याने इंफाळ. ती रेल्वे चहाच्या मळ्यांसाठी बांधलेली, तिची ताकद सुरुवातीला दिवसाला सहाशे टनांच्या आसपास. खाणारी तोंडे पाच लाखांहून जास्त. त्यात हिंदू, मुसलमान, शीख, गुरखे, आफ्रिकी, इंग्रज, प्रत्येकाचे ताट निराळे. डब्यातले मांस हिंदी शिपायाला चालत नाही, म्हणून जिवंत बकरे आणावे लागत आणि ते वाटेतच रोडावत. मग आघाडीच्या पिछाडीला हजारो एकरांवर भाजीपाला लावला, बदके पाळली. सैन्याधिकारी बदकांच्या अंड्यांचा हिशेब करतो, हे ऐकायला गमतीचे वाटते. कूतमधल्या सुजलेल्या हिरड्या आठवल्या की गंमत वाटत नाही.

विमानातून माल टाकायला हवाई छत्र्या लागतात. रेशमी छत्र्या युरोपात जात होत्या, ब्रह्मदेशाच्या वाट्याला काही येईना. तेव्हा कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. माणूस उतरवायला त्या उपयोगाच्या नव्हत्या, पण आट्याच्या पोत्याला पुरत. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून जास्त पडत, ही एका पौंडाच्या घरात झाली. कूतच्या वेळी पोती नुसती खाली टाकली होती.

मार्च १९४४ मध्ये जपानी फौज नागा-मणिपूर डोंगरातून उतरली. तिच्या वाटेवर सांगशाक होते. तिथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा लाइट इन्फंट्री लढली. टेकडी उघडी, खोदायला खडक, पाण्याचा झरा जपान्यांच्या हाती. विमानातून टाकलेला बहुतेक माल जपान्यांच्या बाजूला पडला. पाच दिवस झुंजून २६ मार्चच्या रात्री ब्रिगेडचे उरलेले लोक निघाले. सांगशाकने जपान्यांचे जे दिवस खाल्ले ते इंफाळ-कोहिमाला मिळाले, असे लष्करी इतिहासकार मानतात. पण पुरवठ्याच्या बाजूने पाहिले तर सांगशाक म्हणजे छोटे कूतच होते.

इंफाळ तसे झाले नाही. २९ मार्चला कोहिमाकडचा रस्ता तुटला, २२ जूनला तो पुन्हा उघडला. मधल्या काळात दीड लाखावर फौज वेढ्यात होती आणि ती विमानांवर जगली. सुमारे १९,००० टन माल आणि बारा हजारांवर ताजे सैनिक आत आले, जखमी आणि बिनलढाऊ माणसे बाहेर गेली. कूतमध्ये साडेआठ, इंफाळात एकोणीस हजार. विमाने मोठी झाली होती, हे तर खरेच. पण विमानात काय भरायचे, कोणत्या क्रमाने, कुठल्या पलटणीला तांदूळ आणि कुठल्या पलटणीला आटा, धावपट्टीवर उतरल्यावर तासाभरात तो कोण उचलणार, हे ठरवणारी यंत्रणा आता उभी होती. विमानाच्या उघड्या दारातून पोती लाथेने ढकलणारे जवान एअर डिस्पॅचचे, म्हणजे याच कोरचे. उलट जपानी फौज पंधरा-वीस दिवसांचा शिधा घेऊन आली होती. इंफाळच्या कोठारांतले ब्रिटिश अन्न आपल्याला मिळेल या भरवशावर. ते मिळाले नाही. परतीच्या वाटेवर जपानी शिपाई गोळीपेक्षा भुकेने आणि तापाने जास्त मेले.

यानंतरही स्नेलिंगला झोप नव्हती. १० डिसेंबर १९४४ च्या पहाटे इंफाळच्या पट्टीवरून ७५ अमेरिकी डाकोटा विमाने अचानक चीनकडे वळवण्यात आली. त्यांत चौदाव्या आर्मीचा माल आधीच भरलेला होता, तो जागच्या जागी उतरवून ती गेली. मोहिमेचे सगळे गणित नव्याने मांडावे लागले. चिंदविन नदीवर कलेव्याला सागवान तोडून नावा बांधल्या आणि माल पाण्याने पुढे नेला. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर नावा बांधणाऱ्यांना त्या पाहायला मिळाल्या असत्या तर त्यांनी नाके मुरडली असती, इतक्या त्या ओबडधोबड होत्या. पण तरंगत होत्या आणि भार घेत होत्या.

स्वातंत्र्यानंतर पहिल्याच वर्षी काश्मीरमध्ये पूंछ वेढले गेले. एअर कमोडोर मेहरसिंग यांच्या डाकोटांनी ते वर्षभर तगवले, आणि २४ मे १९४८ ला त्यांनीच लेहच्या वाळूवर पहिले विमान उतरवले. इंफाळची विद्या वाया गेली नव्हती. म्हणूनच चौदा वर्षांनी, १९६२ च्या चीन युद्धात, जे घडले ते अधिक लागते.

ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांचा जन्म १९२० चा, आणि तो झाला बसऱ्यात! ज्या बंदराच्या अव्यवस्थेने पूना डिव्हिजन उपाशी पडली, तिथे, चार वर्षांनी. शिक्षण मुंबईत, सेंट मेरीज आणि सेंट झेवियर्समध्ये. बलुच रेजिमेंटमध्ये कमिशन, ब्रह्मदेशात युद्ध, फाळणीनंतर गुरखा पलटणीत. माणूस पायदळाचा. पण १९६० मध्ये ते पंधराव्या कोरच्या मुख्यालयात प्रशासनाचे ब्रिगेडियर झाले आणि लडाखमधल्या फौजेचा पुरवठा त्यांच्या अखत्यारीत आला. नव्या वाचकासाठी सांगायचे तर, काय लागणार हे असा अधिकारी ठरवतो आणि ते आणून पोचवते एएससी. रस्ते नाहीत, विमाने मोजकी, ठाणी मात्र दर महिन्याला पुढे सरकताहेत, अशा परिस्थितीत दीड वर्ष त्यांनी टनांचा आणि दिवसांचा हिशेब केला. १९६२ च्या सुरुवातीस त्यांना ईशान्येला, तवांगकडे, सातव्या ब्रिगेडची कमान मिळाली.

पुरवठ्यातला जाणकार असा बरोबर त्या जागी गेला जिथे पुरवठा नव्हता. जूनमध्ये ढोला ठाणे बसवले गेले, सप्टेंबरमध्ये चिन्यांनी ते घेरले, आणि ब्रिगेडला नामका चू या नदीकाठी खाली उतरवण्यात आले. तवांगपासून पुढे पायवाट, मधे हाथुंगलासारख्या खिंडी. हमाल कमी, खेचरे चढेनात. आकाशातून माल टाकायला त्सांगधारची एक उतरती, अरुंद जागा. छत्र्या वापरून वापरून जुन्या झालेल्या, बऱ्याच उघडल्याच नाहीत. बराचसा माल दऱ्यांत गेला, तो शोधायला गेलेले जवान दमून परत येत. शिपाई सुती गणवेशात होते, माणशी काडतुसे पन्नासच्या आसपास. हल्ला करायचा तर आधी इतका इतका साठा हवा, असे लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांनी वर कळवले. त्यांनाच त्या आघाडीवरून बाजूला करून ऑक्टोबरच्या सुरुवातीस नवी कोर आणि नवा कमांडर, जनरल कौल, नेमला गेला. हिशेब दाखवणाऱ्याला बदलून हिशेब बदलत नसतो.

२० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला आला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी २२ तारखेला कैद झाले, मे १९६३ मध्ये परत आले. १९६९ मध्ये ‘हिमालयन ब्लंडर’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर गदारोळ झाला, आणि १९७४ मध्ये ते वारले. त्या पुस्तकाची चर्चा होते ती नेहरू, मेनन आणि कौल यांच्यावरच्या ताशेऱ्यांमुळे. मला त्यातला भारी भाग वाटतो तो छत्र्या, ब्लँकेटे आणि वाहतुकीच्या दिवसांचा. तिथे लेखक चिडलेला नाही, नुसता मोजतो आहे.

नामका चूनंतरच्या कोरबद्दल थोडक्यात. पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या, सीमा सडक संघटनेचे रस्ते वर चढले, खेचरांच्या कंपन्यांना नवे महत्त्व आले. त्यांतल्या एका खेचरीची कथा कोरमध्ये कौतुकाने सांगतात. १९७१ च्या युद्धात ती पाकिस्तानी हद्दीत पकडली गेली आणि पाठीवरच्या मशिनगनसह एकटीच आपल्या ठाण्यावर परतली. पुढे तिचे नाव ‘पेडोंगी’ ठेवले गेले, आणि सर्वांत दीर्घ सेवा केलेले लष्करी खेचर म्हणून ती गिनेस बुकात गेली. प्रशिक्षण केंद्र आणि कॉलेज आता बंगळुरूला एकत्र आहे. मोटारसायकलींवर मनोरे रचणारे ‘टॉर्नेडोज’ हे पथक तिथलेच. टाळ्या मिळतात त्या त्यांना. बाकीची कोर त्या वेळी कुठेतरी बर्फात ट्रकला साखळ्या बांधत असते.

लडाखचे काम समजायला कोकणी माणसाला फार कष्ट नकोत, ती आपली आगोटच आहे. पाऊस धरण्याआधी मीठ-मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात भरून ठेवायचा, तसे झोजी ला बंद होण्याआधी सहा महिन्यांचे धान्य, रॉकेल, डिझेल, औषधे, कपडे वर चढवायचे. फरक इतकाच की चुकले तर शेजारी उसने द्यायला नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर चढाई झाली तेव्हा याच रस्त्यावरून दारूगोळा गेला, आणि वरच्या अंगावरून शत्रूचे तोफगोळे येत असताना रात्री दिवे विझवून ट्रक चालवणारे ड्रायव्हर एएससीचे होते. वीरपदकांच्या यादीत त्यांची नावे थोडी आहेत. २०२० मध्ये गलवाननंतर पूर्व लडाखमध्ये हजारो जादा सैनिक हिवाळाभर राहिले, तेव्हा मोसम अर्धा सरलेला असताना नवी आगोट भरावी लागली. तंबू, शेगड्या, इंधन, रेशन सगळे काही महिन्यांत वर गेले आणि फौज त्या थंडीत टिकून राहिली. नामका चूच्या ऑक्टोबरशी त्या ऑक्टोबरची तुलना जरूर करावी.

१५ जानेवारी २०२५ चे सेनादिन संचलन पुण्याला खडकीत झाले. त्यात चार पायांची यंत्रखेचरे चालत गेली. सैन्यातली खरी खेचरे येत्या काही वर्षांत बरीच कमी करायची आहेत आणि त्यांची जागा ड्रोन, चारचाकी छोट्या गाड्या आणि ही यंत्रे घेतील. यंत्राला दाणा-वैरण लागत नाही, नाल ठोकावी लागत नाही. बॅटरी मात्र रोज भरावी लागते. पंधरा हजार फुटांवर ती भरणाऱ्या जनरेटरचे डिझेल अजून तरी एएससीच्या बॅरलमधूनच वर जाते.